अर्धं उघडं दार

परवा माझी नात इरा बाथरूमचं दार अर्धं उघडं टाकून बाहेर आली आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, "दार! एक तर भिंतीला लाव, नाहीतर बंद कर!" इरा चार वर्षांची आहे. तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, "का पण?" बरोबर आहे तिचं. त्या दारावर कपाळ आपटेल असं आता घरात कोणी उरलेलं नाही. तरी मी उठले, दार लावलं, आणि उठताना गुडघा कुरकुरला म्हणून त्यालाही दोन शब्द सुनावले. माणूस जातं आणि त्याच्यासाठी पाळलेला नियम पागडीच्या भाडेकरूसारखा घरात ठाण मांडून बसतो. काढायचा म्हटला तरी निघत नाही.

विक्रोळीला कन्नमवार नगरात आमची दीड खोली. आई, बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण मालूआत्या. लहानपणी गावाला तिला देवी आल्या आणि तापाबरोबर डोळे गेले. पण तिला 'बिचारी' म्हणायची आमच्या मजल्यावर कोणाची टाप नव्हती. घाटकोपरच्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत ती टेलिफोन बोर्डावर बसायची. सकाळी आईच्या भाकऱ्यांची थापथाप सुरू असताना तिची पांढरी काठी कटकट करत उलगडायची, मग पावडरचा वास, मग आईला विचारणं, "वयनी, पदर सारखो आसा मां?" आणि मग शेजारच्या काकूंशी भांडत, हसत तीन मजले उतरणं. काठी असायची हातात, पण जिन्यात ती तिचा उपयोग खाली बसलेल्या कुत्र्याला हुसकण्यापुरताच करायची.

घरात तिचे नियम होते आणि ते तिने कधी सांगितले नव्हते, आम्ही ते कपाळावरच्या टेंगळांतून शिकलो होतो. तिच्याच कपाळावरच्या. स्टूल टेबलाखाली. बादली मोरीच्या कोपऱ्यात. चपला दाराच्या उजवीकडे, भिंतीला चिकटून. पाण्याचा तांब्या ओट्याच्या डाव्या टोकाला. आणि दार अर्धं कधीही नाही. बंद दार हाताला लागतं, उघड्या दारातून माणूस जातं, पण अर्ध्या दाराची कड दोन्ही हातांच्या मधून नेमकी नाकावर येते. ताटाचंही तसंच. मीठ वर मधोमध, डावीकडे चटणी-लोणचं, उजवीकडे भाजी, पुढ्यात भात. सणासुदीला सगळेच असं वाढतात, आमच्याकडे साध्या मंगळवारीही वाढलं जायचं. बांगडा असेल तर त्याचं डोकं डावीकडे. आत्या दोन बोटांनी काटा असा सोडवायची की तो अख्खा, कंगव्यासारखा ताटाच्या कडेला पडायचा. मी दोन्ही डोळे फाडून जेवायचे आणि तरी घशात काटा अडकून सुका भात गिळत बसायचे.

घरी ती मालवणीत बोलायची, तीही पाऊण बिल्डिंगला ऐकू जाईल अशी. पण शेजारच्यांकडे तिचा फोन आला की रिसीव्हर कानाला लागताक्षणी आवाज बदलायचा. "नमस्कार, बोला." मऊ, स्वच्छ, इस्त्री केलेला आवाज. आई पदर तोंडाला लावून हसायची. बँकेतले साहेबलोक त्या आवाजाला वचकून असायचे. तिने "होल्ड करा" म्हटलं की माणूस होल्ड करायचा.

आता त्या काळातली मी. पंचविशी उलटलेली, लग्न जमत नाही, आणि घाटकोपरच्या एका कॉम्प्युटर क्लासमधून वेबसाइटची पानं बनवायला शिकलेली. अंधेरीला एमआयडीसीत, एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर शहासरांची छोटी कंपनी होती, तिथे मला नोकरी लागली. मग काय विचारता! जगातलं इंटरनेट माझ्याच खांद्यावर उभं आहे असं मी चालायचे. माझ्या पानांवर अक्षरं सरपटत जायची, तारे लुकलुकायचे, कोपऱ्यात एक लिफाफा गरगर फिरायचा. आज तसलं पान कोणी माझ्यापुढे ठेवलं तर मला चक्कर येईल. तेव्हा मी ते पाहुण्यांना वर्णन करून सांगायचे. मुलाकडचे एक गृहस्थ पोहे खाता खाता "म्हणजे टायपिंग का?" म्हणाले, तेव्हा मी त्यांना दुसऱ्यांदा चहा विचारला नाही. लग्न का जमत नव्हतं, हे आता माझ्या लक्षात येतंय.

अशात एका संध्याकाळी आत्या घरी आली, ती काठी न मिटताच खुर्चीवर बसली. बँकेतला बोर्ड जाणार होता. नवं यंत्र येणार होतं, फोन केला की तेच सांगणार, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन. आत्याचं काय करायचं यावर साहेबलोकांत खल झाला होता. बँक आपल्या कर्मचाऱ्यांसाठी कॉम्प्युटरवर माहितीची पानं बनवून घेणार होती, आणि बोलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने आत्याला ती वापरता आली, तर तिला चौकशीच्या टेबलावर बसवायचं. नाही जमलं तर लवकर निवृत्ती. "आणि मग?" आईने विचारलं. आत्या म्हणाली, "मग काय? गावाक जावन धाकट्याची कोंबडी राखूची. पडवीत बाज घालून ठेवलीच आसा त्येणी माझ्यासाठी." तिचा हा धाकटा भाऊ, माझा काका, वाईट माणूस नव्हता. पण पडवीतल्या त्या बाजेबद्दल बोलताना आत्याचा आवाज पहिल्यांदाच पाऊण बिल्डिंगला गेला नाही. समोरच्या आईलाही तो जेमतेम पोचला.

मग तिने मान वर केली. "पण घाबरूची गरज नाय. मी देवधरसायबांक सांगून इलंय, ती पानां माझी भाचीच करता म्हणान."

देवधरसाहेब म्हणजे बँकेचे जनरल मॅनेजर. आत्याच्या शब्दावर त्यांनी खरोखर शहासरांना बोलावून काम दिलं. सर खूश. मी तर हवेतच. मी बँकेसाठी अशी पानं रचली की विचारू नका. वर निळा पट्टा, त्यात सहा चित्रं, प्रत्येकावर माउसचा बाण नेला की झर्रकन खाली यादी उघडायची, बाण काढला की मिटायची. बँकेचे चेअरमन तो बाण पाचदा वर-खाली करून लहान मुलासारखे हसले. आत्याला हे वापरायचं आहे, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण मला वाटायचं, बोलणारं सॉफ्टवेअर आहे ना, ते बोलेल की! जणू त्याच्या आत एक सुशिक्षित माणूस बसलाय आणि तो माझं पान बघून आत्याला प्रेमाने समजावणार आहे.

आत्या आठवड्यातून तीनदा दादरच्या एका संस्थेत ते सॉफ्टवेअर शिकायला जात होती. ती पानं तिला वापरता येतात का, हे देवधरसाहेब एका शुक्रवारी बँकेत स्वतः बघणार होते. तो परीक्षेचा शुक्रवार जवळ आला तेव्हा म्हणाली, "वैशे, माका एकदा दाखव तरी काय केलंस ता." शनिवारी बँकेचा अर्धा दिवस झाल्यावर मी तिला घाटकोपरहून बसने साकीनाक्याचे धक्के खात अंधेरीला नेलं. आमच्याकडे त्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती होती, ती थोडा वेळ बोलायची आणि मग मुकी व्हायची, मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागायचं. माझी मैत्रीण ग्लोरिया, मरोळ गावठाणातली, आमच्याकडे चित्रं करायची. तिने आत्याला खुर्ची दिली, चहा दिला. आत्याने कीबोर्डवर हात फिरवून जागा पक्क्या केल्या आणि टॅबची कळ दाबली.

सॉफ्टवेअरमधला साहेब नाकातून इंग्रजीत बोलला, "इमेज." पुन्हा टॅब. "इमेज." पुन्हा. "इमेज." मग फाइलीचं काहीतरी अगम्य नाव, आकडे, अंडरस्कोर, आणि पान संपलं. सहा सुंदर चित्रं, त्यांच्या पोटात बँकेची सगळी माहिती, आणि आत्याच्या हाती भोपळा. यादी बाणाशिवाय उघडतच नव्हती. बाण कुठे आहे हे ज्याला दिसत नाही त्याने माउस धरून करायचं काय, हा प्रश्न मला त्या क्षणी पहिल्यांदा पडला. लहानपणापासून जिचा हात धरून मी रस्ता ओलांडला होता, तिच्याबद्दल!

आत्या रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कप चाचपून चहा संपवला आणि म्हणाली, "सायब आजारी दिसता तुमचो. बसने जावया मां?"

त्या दिवसापासून मला जेवण जाईना. ग्लोरियाने कुठून तरी वाचून काढलं की चित्रामागे त्याचं नाव शब्दांत लिहिता येतं, ते सॉफ्टवेअर वाचतं. झालं, मी झपाटल्यासारखी नावं लिहीत सुटले. त्या काळी पानावर मोकळी जागा सोडायची तर आम्ही एक न दिसणारं, पारदर्शक चित्र तिथे ठोकायचो, खिडकीच्या फटीत कागदाचा बोळा कोंबतात तसं. माझ्या पानात असले बोळे शेकड्याने होते. कोणी बिननावाचं राहायला नको म्हणून मी त्या प्रत्येकालाही नाव दिलं. आत्या पुन्हा येऊन बसली. साहेब सुरू झाला, "ब्लँक पिक्चर. ब्लँक पिक्चर. ब्लँक पिक्चर." थांबेचना. आत्याने मान कलती करून बराच वेळ ऐकून घेतलं. "वैशे, ह्या कोणाचा घर गो? भिंतभर फोटो लावल्यानी आणि सगळे कोरे?" ग्लोरिया हसून हसून टेबलाखाली गेली. मला हसू येईना. शुक्रवार तसाच पुढे सरकत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर पडवीतली बाज होती.

बुधवारी आई लालबागला मावशीकडे गेली होती, म्हणून रात्रीचं ताट मी वाढलं. डोक्यात ब्लँक पिक्चर. आत्याने भाकरीचा तुकडा मोडला, उजवीकडे बुडवला, तोंडात घातला आणि ठसका लागून लालबुंद झाली. भाजीच्या जागी मी मिरचीचं लोणचं वाढलं होतं, चांगलं पळीभर. पाणी प्यायल्यावर, डोळे पुसत ती म्हणाली, "मेले, भाजी चांगली झाली नसली तरी चलात. पण खंय आसा ता तरी खरा सांग."

मी तांब्या हातात धरून तशीच उभी. माझं पान म्हणजे असंच ताट होतं. दिसायला पंचपक्वान्नं, पण भात वर, मीठ खाली, भाजी कुठे ते हात घालून शोधा, आणि दार अर्धं. मी प्रत्येक पदार्थाला चिठ्ठ्या चिकटवत बसले होते, वाढायचं कसं हे विसरून. हे मला कुठल्या क्लासमध्ये शिकावं लागणार नव्हतं. हे मला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून येत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी शहासरांना म्हटलं, "सर, पान पुन्हा बांधते." सर म्हणाले, "अगं, उद्या डेमो आहे! चेअरमनला आवडलंय ना, मग कशाला हात लावते?" मी नेहमीप्रमाणे "येस सर" म्हणाले आणि नेहमीप्रमाणे नाही, तर गुपचूप, हात लावला. ग्लोरियाने माझा माउस उपटून तिच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि मॉनिटरवर माझी ओढणी घातली. "आता कर बाय, बघू कसं जमतं." ओढणी वर करून मी लिहायचे, खाली सोडून ऐकायचे. आधी नाव, मग शाखा, मग ठेवी, मग लॉकर, क्रमाने. प्रत्येक मथळा खराखुरा मथळा, प्रत्येक दुवा शब्दांचा. यादी सताड उघडी, मिटायचं नावच नाही. ते बोळे सगळे मुके केले. संध्याकाळी ओढणीखालून साहेब सरळ, सावकाश, एकामागून एक वाचत गेला आणि ग्लोरियाने छातीवर क्रूसाची खूण केली. केलेला उद्योग कबूल करून मी पानं बँकेच्या मशीनवर चढवायला सरांकडे दिली, ती त्यांनी चरफडत घेतली, आणि मी, सवयीने, एक प्रत फ्लॉपीवर घेऊन पर्समध्ये टाकली.

शुक्रवारी बँकेत आत्या टेबलापाशी बसली, एका कानाला सॉफ्टवेअरचा हेडफोन, दुसऱ्याला टेलिफोन. बाजूला मी आणि शहासर. काचेपलीकडे आपल्या केबिनमध्ये देवधरसाहेब खातेदार होऊन फोन करणार होते. आत्याने सकाळी पावडर जरा जास्त लावली होती.

घंटा वाजली. "नमस्कार, बोला." देवधरसाहेबांनी मुलुंड शाखेची वेळ विचारली. आत्याने टॅब दाबली. पुन्हा दाबली. तिची बोटं थांबली, मागे आली, पुन्हा गेली. हेडफोनमधून बारीक आवाज माझ्यापर्यंत आला, "इमेज," आणि मला कळलं. पडद्यावर निळा पट्टा होता, त्यात माझी सहा चित्रं होती. मी सरांकडे पाहिलं. ते कुजबुजले, "अगं, चेअरमनना ते उघडतं-मिटतं फार आवडलं होतं ना, म्हणून मुखपृष्ठ तेवढं मी जुनंच टाकलं. आतली पानं तुझीच आहेत."

आतली पानं माझीच होती. पण आत जाणार कुठून?

आत्याने फोनमध्ये सांगितलं, "एक मिनिट, कृपया होल्ड करा." मग रिसीव्हरवर तळवा दाबला, माझ्या दिशेने तोंड वळवलं आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा घरच्या आवाजात विचारलं, "वैशे! दार अर्धा कोणी ठेवल्यान?"

टंकलेखनाच्या टेबलांवरची टकटक थांबली. सर म्हणाले, "आज राहू दे, सोमवारी आपण..." सोमवार आत्याला नव्हता. मी आयुष्यात कधी कुठल्या सरांना "येस सर" सोडून काही बोलले नव्हते. माझा आवाज फाटला, पण निघाला. "सर, सरका." मी फ्लॉपी काढली, घातली. ड्राइव्ह कर्रकर्र करून थांबला. मशीन म्हणालं, वाचता येत नाही. मी ती काढून तिच्यावर फुंकर मारली, त्याने काही होत नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण जत्रेत देवाला नवस बोलतात तशी मारली. पुन्हा घातली. कर्र. कर्र. सगळी कचेरी त्या कर्रकर्रीकडे कान लावून. मी काचेकडे बघायचं टाळत होते. देवधरसाहेबांनी फोन ठेवला असेल तर संपलं.

शेवटी बघितलं. देवधरसाहेब फोन कानाला लावून ताठ बसले होते. शिपाई चहा घेऊन आला, त्यांनी हातानेच त्याला थांबवलं. टेबलावरचा दुसरा फोन वाजू लागला, त्यांनी उचलला नाही. कोणीतरी सही घ्यायला आत डोकावलं, त्याला त्यांनी रिसीव्हरकडे बोट दाखवून खुणेने सांगितलं, होल्डवर आहे.

पान बदललं. आत्याची बोटं चालू लागली, टॅब, टॅब, एंटर, आणि तिचा चेहरा मी जिन्यात पाहायचे तसा झाला. "थांबल्याबद्दल धन्यवाद," इस्त्रीचा आवाज म्हणाला, आणि मुलुंड शाखेची वेळ सांगून झाल्यावर विचारल्याशिवाय तिची साप्ताहिक सुट्टीही सांगून टाकली. मग ठेवी, मग लॉकर. एकदाही अडली नाही.

देवधरसाहेब कान चोळत बाहेर आले. सर पुढे होऊन काही खुलासा करणार तोच ते म्हणाले, "मालतीबाई, कान गेला माझा." आत्या म्हणाली, "ठेवायचा होता ना साहेब, मी परत लावला असता." साहेब जरा ओशाळून म्हणाले, "तुम्ही होल्ड करा म्हणालात. मी कसा ठेवणार?" आणि शिपायाला सांगितलं की बाईंची खुर्ची बोर्डावरून इकडे आणून ठेव, त्यांना दुसरी चालत नाही.

निवृत्तीच्या वयापर्यंत आत्या त्या खुर्चीवर बसली. पडवीतल्या बाजेवर काकाच्या कोंबड्या झोपल्या असाव्यात. आता माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि परवा फोनवरचं एक बिल भरायचं अॅप बोलतं करून पाहिलं, तर ते मला म्हणालं, "बटन. बटन. बटन." कशाचं बटन, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. कोणीतरी पंचविशीतली पोर असेल, इंटरनेट खांद्यावर घेऊन चाललेली. तिला शाप द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मात्र आत्याने मला ओट्याजवळ येऊ दिलं नाही. "आज मी वाढतलंय. बस. डोळे मीट आणि जेव, बघ तुझा पान कसा वाटता माका." मला गहिवरून आलं. आठवड्यानंतर पहिल्यांदा भूक लागली होती. मी डोळे मिटून बोटं फिरवली. मीठ वर. चटणी डावीकडे. भात पुढ्यात. सगळं जागच्या जागी. भाकरीचा मोठा तुकडा मोडला, उजवीकडे बुडवला आणि विश्वासाने तोंडात घातला.

मिरचीचं लोणचं. चांगलं पळीभर.

माझ्या नाकातोंडातून पाणी वाहू लागलं. आई "अगोबाई" करत धावली. आत्या मात्र आधी पोटभर हसली, मग बँकेच्या मऊ आवाजात म्हणाली, "एक मिनिट, कृपया होल्ड करा," आणि ओट्याच्या डाव्या टोकाचा तांब्या उचलून तिने नेमका माझ्या हातात दिला.